पायगुण

"ताट मांडीवर आणि डोळे टीव्हीत! सासूशी चार शब्द बोलायला हिला तोंड नाही, पण त्या परक्या लोकांची रडगाणी बघायला वेळच वेळ!"

सासूबाईंनी हे भिंतीला ऐकवलं. भिंतीपलीकडे सून जेवत होती. टीव्हीचा आवाज तेवढा कमी झाला.

गेले चार महिने हेच चाललं होतं. सून सकाळी लॅबमध्ये लोकांची रक्तं काढायची, दोनला घरी यायची आणि मोबाइल टीव्हीला जोडून पिक्चर लावायची. तोही कुठला, तर ब्राझीलचा. वहीत नावांची यादी होती. एक बघून झाला की त्यावर रेघ. कधी मिठागरातल्या बायका, कधी लिफ्ट चालवणारा म्हातारा. ना गाणं, ना मारामारी. माणसं नुसती घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत बसायची आणि खालून इंग्रजी अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. सासूबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. त्यांच्या हाताला एकही मुंगी लागत नव्हती.

मुलगा ब्राझीलमध्येच होता, तिथल्या गोदीत वेल्डर. दोन वर्षांसाठी म्हणून गेला, त्याला चार झाली. मध्ये एकदा येऊन पंधरा दिवस राहिला, तेवढंच. कधी येणार, या एका प्रश्नावर सासूबाईंचा जीव टांगलेला. उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी कारण शोधून ठेवलं. सुनेचा पायगुण! ती उंबरा ओलांडून आत आली आणि दोन वर्षांत मुलगा बाहेर पडला. हे त्या शेजारणीला सांगायच्या, दूधवाल्याला सांगायच्या, आणि ऐकायला कुणीच नसलं की सुनेलाच सांगायच्या. सून मान खाली घालून ऐकायची. तिने उलट उत्तर दिलं असतं, तर तेवढीच सोबत झाली असती.

शेवटी एका दुपारी सासूबाईंनी आपली खुर्ची फरफटत बाहेरच्या खोलीत आणली.

"मी काही बघायला आलेले नाही. पंखा इथे बरा लागतो."

सुनेने उशी त्यांच्या पाठीशी सरकवली आणि पिक्चर पुन्हा पहिल्यापासून लावला.

तिसऱ्या दिवशी पडद्यावरची बाई दार बडवत ओरडली आणि सासूबाई ताठ झाल्या. "अगं, ही चावी म्हणाली!"

"तिकडेही चावीच म्हणतात, आई."

"आणि बटाट्याला?"

"बटाटाच."

"मग एवढ्या लांब राहून मेले वेगळं काय बोलतात?"

सून हसली. तिचा एक दात थोडा वाकडा होता. सहा वर्षांत सासूबाईंनी तो आज पाहिला.

शनिवारी मिठागरातल्या बायकांचा पिक्चर दुसऱ्यांदा लागला. एक माणूस पाठीवर पिशवी टाकून चालला होता आणि एक चिमुरडी त्याच्यामागे धावत ओरडत होती, "पाय! पाय!"

"हिच्या पायाला काय झालं? मीठ झोंबलं का?"

सुनेने पिक्चर थांबवला. तिचा अंगठा बराच वेळ मोबाइलवर तसाच राहिला. हो म्हणून सुटता आलं असतं.

"पाय म्हणजे बाप, आई. तिकडची मुलं बापाला पाय म्हणतात."

"बापाला पाय? मग आईला काय म्हणतात, डोकं?" सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. सुनेने पाणी आणून दिलं. हसली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलाचा फोन रविवारीच यायचा. इथे दुपार, तिथे सकाळ. सासूबाई केस विंचरून अर्धा तास आधीच फोनपाशी बसल्या होत्या. सून मोरीत कपडे पिळत होती.

"कधी येतोस रे राजा?"

"बघू आई. साहेब सुट्टीच देत नाही."

मागे फरशीवर धपधप झाली आणि एक झोपाळू, चिरका आवाज आला. "पाय! पाय!"

फोनवर हात ठेवल्यासारखी खरखर झाली. मग मुलगा म्हणाला, "टीव्ही चालू आहे, आई."

हा टीव्ही सासूबाईंनी पुष्कळ रविवार ऐकला होता. आज त्यांना तो समजला.

"टीव्हीला भूक लागलीय रे," त्या म्हणाल्या. "जा, खायला घाल त्याला."

त्यांनी फोन पालथा ठेवला. मोरीच्या दारात सून उभी होती. हातातल्या पिळलेल्या चादरीतून पाणी तिच्या पावलांवर ठिबकत होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"फोनवर ऐकू यायचं. अर्थ पहिल्याच पिक्चरमध्ये कळला."

"मग बाकीचे ढीगभर कशाला बघितलेस?"

"तिथे असं काय आहे ते बघत होते," सून म्हणाली, "जे इथे नव्हतं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्याकडे रविवार तेवढाच होता, आई."

सासूबाई उठल्या. त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी ती झटकली, दोरीवर टाकली, सुरकुत्या ओढून सरळ केल्या. सासूबाईंना माफी मागायची सवय नव्हती, आणि या वयात लागणारही नव्हती. त्यांनी सुनेच्या ओल्या पावलांकडे खालपर्यंत नीट बघून घेतलं.

"पायगुण वाईट म्हणत होते ना मी? तो वाईटच निघाला," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या पायांचा नाही गं. त्या तिकडच्या पायाचा."