मांजरीची झोळी

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पेन्सिलच्या छातीचा भाता झाला होता. बिल्डिंगला लिफ्ट होती, पण ती तपासनिसाने स्वतःच सील केली होती. आपण राहतो त्याच बिल्डिंगची लिफ्ट बंद पाडून रोज जिने चढणारा माणूस! अशा माणसाकडे लग्नाचं विचारायला यायचं म्हणजे चेष्टा नव्हती.

"बसा," तपासनीस म्हणाला. "आधी पाणी घ्या. आणली का झोळी?"

"आणली," पेन्सिल म्हणाला, आणि काखेतलं गाठोडं त्याने मांडीवर घट्ट धरलं.

पेन्सिल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पेन्सिलीतल्या शिशाला चिकटपट्टी लावायची, पापुद्रा सोलायचा, त्या पापुद्र्याचा पुन्हा पापुद्रा सोलायचा, हे त्याचं काम. म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला पेन्सिल म्हणत. सोलत सोलत शेवटी एका अणूच्या जाडीचा थर उरतो, ते ग्राफीन. पोलादाहून चिवट आणि डोळ्याला जवळजवळ न दिसणारं.

पहिल्याच भेटीत त्याने फुशारकी मारली होती. "साहेब, या थराची मीटरभर झोळी केली ना, तर तुमची ही मांजर तीत आरामात झोपेल. आणि झोळीचं वजन किती? हिच्या एका मिशीएवढं!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. पण लिफ्ट तपासणाऱ्यासमोर वजनाच्या बाता मारू नयेत, एवढं त्याला कळायला हवं होतं.

"मग करून दाखवा," तपासनीस म्हणाला होता. "ज्या दिवशी ही तुमच्या झोळीत झोपेल, त्या दिवशी माझा होकार."

आणि जिच्यासाठी हा होकार हवा होता, ती? तिची नि पेन्सिलची ओळख पोहण्याच्या क्लासातली. क्लासात सगळ्यांत भित्री ही दोघं. मास्तर ओरडून ओरडून थकले, तरी कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे जायची नाहीत. तिथेच उभ्या उभ्या गप्पा मारता मारता त्यांचं जमलं. पण तिने बजावून ठेवलं होतं, "घरातून होकार आल्याशिवाय मी नाही हं." आत्ता ती स्वयंपाकघरात होती आणि भांडी गरजेपेक्षा जरा जास्तच वाजत होती.

पेन्सिलने गाठोडं सोडलं. आतून काळपट कापडाची झोळी निघाली.

"ही तर चांगली दिसतेय की," तपासनीस म्हणाला. "न दिसणारी असणार होती ना?"

"खरं सांगतो साहेब, ती होत नाही." पेन्सिल म्हणाला. "तांब्याच्या पत्र्यावर थर वाढवतो आम्ही. तिथून उचलायला गेलं की सुरकुती पडते, सुरकुती पडली की फाटतं. नखाएवढा तुकडा अधांतरी टिकला तरी आम्ही टाळ्या वाजवतो. मांजरीएवढा माझ्या हातून व्हायचा नाही. महिनाअखेरीला तर प्रयोगशाळेतली जागाही सोडायचीय."

"आणि पुढे?"

"पुढे मोकळाच."

"छान! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मी शाळेत असताना पेपरात वाचलं होतं, ग्राफीन आलं, आता जग बदलणार म्हणून. कुठे बदललं?"

पेन्सिल कसंनुसं हसला.

"मग ही कसली झोळी?"

"माझ्या घरचा जुना पडदा आहे. विरला होता, फेकायचाच होता. त्याला रबराचा हात दिला, आणि रबरात चिमूटभर ग्राफीन घातलं. त्याला एकट्याने काही उचलणं जमत नाही, साहेब. पण दुसऱ्यात थोडं मिसळलं, की दोन्ही टिकतात."

हे बोलताना त्याची नजर स्वयंपाकघराकडे गेली. भांडी वाजायची थांबली होती.

तपासनिसाने आवाज खाली आणला. "मी तिला एकदा पार कोसळलेलं पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाही. म्हणून एवढं तपासतो."

"तपासाच," पेन्सिल म्हणाला. "मीही तेच केलं असतं."

तपासनीस उठला. दाराच्या चौकटीतल्या कड्यांना त्याने झोळी टांगली, कामाच्या पिशवीतली लोखंडी वजनं एकेक करून आत ठेवली, खालून ठोसे मारले, शिवण ओढून पाहिली. झोळी नुसती डुलली. मग वजनं काढून तो बाजूला झाला.

"अट मांजरीची होती," तो म्हणाला.

मांजर आली. तिने झोळी हुंगली, शेपटी वर केली आणि सरळ चालती झाली. पेन्सिलचा चेहरा एवढासा झाला. इतक्यात हात पुसत ती स्वयंपाकघराच्या दारात आली. तिला आत राहवेनाच.

"बस ना गं बये," ती मांजरीला म्हणाली. "किती भाव खाशील!"

मांजरीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग टुणकन उडी मारून ती झोळीत शिरली, गोल गोल फिरली, अंगाचं मुटकुळं केलं आणि डोळे मिटले. झोळी दोनदा हलून शांत झाली. पेन्सिलचा जीव भांड्यात पडला. त्याला मोठ्याने हसायचं होतं, पण मांजर उठेल म्हणून तो नुसताच लाल झाला. ती तोंडावर हात धरून आत निघून गेली.

तपासनिसाने वाकून दोन्ही कड्या पुन्हा एकदा तपासल्या. मग सरळ झाला, डोळे पुसले आणि पेन्सिलचा हात हातात घेतला.

"आई," त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "माझा होकार आहे गं. फक्त यांना बाबा म्हणायला मला जरा वेळ लागेल!"