विसरलेली कुऱ्हाड

तेलानं कितीही पुसलं तरी बंदुकीच्या नळीवर मसुराएवढा गंज उरायचाच. ओडील आजही तो पुसत बसली होती, आणि अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या तिच्या घराच्या पायऱ्यांना वादळाचं पाणी लागलं होतं. शेजारचा रेमी होडीतून ओरडला, "मावशी, चला! निवाऱ्यात बंदूक चालत नाही, ती ठेवा इथंच." "संकटातसुद्धा ती कुणी काढून घेऊ शकत नाही. कायदा आहे!" "कायद्याला पोहता येतं का?" मागच्या वादळात तिचा नवराही कायदा सांगून घरीच राहिला होता, आणि एकटी निघताना तिनं त्याचं कौतुकच केलं होतं. पाणी चढल्यावर तो हीच बंदूक घेऊन माळ्यावर गेला. छप्पर फोडून बाहेर पडायला लागणारी कुऱ्हाड वर न्यायला मात्र विसरला. तो तिथंच बुडाला. ओडीलनं बंदूक टेबलावर ठेवली. "त्याला मी ओढून न्यायला हवं होतं," ती म्हणाली. "राहू दे बंदूक. चल, रेमी."