घोंगडीचा हत्ती

मोगलाईतल्या सिरसाळ्याच्या बाजारात धनगराच्या कडूबाईनं नवीकोरी घोंगडी देऊन मोहनराव देशमुखांकडून चित्रांचं जुनं पुस्तक घेतलं आणि तिथंच मांडीवर उघडून चिमुरड्या नातीला त्यातला हत्ती दाखवायला घेतला. मोहनरावांसकट आम्ही पाचजण तिच्या पाठीमागं हसायला उभे होतो. “कडूबाई, पुस्तक उलटं धरलंस की!” मोहनराव म्हणाले. “तुमच्या घरात त्याची मातीच व्हायची. माघारी दे ते.” घोंगडी मात्र त्यांनी खांद्यावरून काढली नाही. कडूबाईनं पुस्तक दाबून धरलं. “मालक, पोर म्होरं बसलीय. माझ्याकडनं उलटं हाय, तिच्याकडनं सुलटं. मला अक्षर येत न्हाई, मग माझ्याकडं सुलटं कावून धरू? देणार न्हाई. तुमाला हत्ती सुलटा बघायचा आसंल, तर पोरीच्या शेजारी बसा.” हिशेबानं सांगतो, पाचांतले चौघे तिच्याशेजारी मातीत बसलो. एकटे मोहनराव घोंगडी पांघरून उभ्यानं उलटा हत्ती बघत राहिले.