डब्यातली चाळीस घरं

"चाळीस घरांतून माझीच चिठ्ठी निघाली. लागोपाठ चार रविवार. आता सांग, असं घडायची शक्यता किती?"

एझ्रा सरांनी खडू सादियाच्या हातात दिला. तिच्या डाव्या बाहीत लपवलेली चिठ्ठी टोचायला लागली.

गडब गावच्या आरोग्य उपकेंद्राचा ओटा हीच त्यांची शाळा. सर पेणला हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, सादिया नववीत. आळीत कोण किती मीठ खातं आणि कुणाचा रक्तदाब किती, याचा अभ्यास करून तिला रोह्याचं विज्ञान प्रदर्शन गाजवायचं होतं. म्हणून सर तिला संख्याशास्त्र शिकवत. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, ते सांगत, पण आधी भात ढवळायला लागतो. आळीतल्या चाळीस घरांच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या होत्या. दर रविवारी एक काढायची, रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्या घरी जायचं, आणि चिठ्ठी परत डब्यात.

पहिल्याच रविवारी सरांचं नाव निघालं. पत्नी सिपोराबाई वारल्या, मुलगा नथानियल इस्राएलात राहायला गेला, तेव्हापासून त्या घरात पाहुणा म्हणून कुणी बसलंच नव्हतं. शेजारणींचे डबे सर भरलेलेच परत पाठवत. कीव करायला कुणी माझ्या दारात येऊ नये, म्हणत. पण चिठ्ठीच निघाली म्हटल्यावर करणार काय? रक्तदाब भरला एकशे बहात्तर. सादिया दोन तास बडबडत बसली. सरांनी चहा केला, साखर घालायला विसरले, आणि दोघं पोट धरून हसली.

ती चिठ्ठी सादियानं डब्यात परत टाकलीच नाही. पुढचे तीन रविवार तीच बाहीतून बोटांत आणि बोटांतून सरांपुढे. एकशे सहासष्ट. एकशे अठ्ठावन्न. एकशे शेहेचाळीस. आकडा उतरत होता आणि तिचा अभ्यास पार नासत होता.

तिनं फळ्यावर चाळीसला चाळीसनं गुणलं, पुन्हा गुणलं, पुन्हा. "पंचवीस लाख साठ हजारांत एकदा, सर."

"मग? हे नशीब म्हणायचं?"

"घडू शकतं ना, सर."

"घडू शकतं," सर फळ्याकडेच बघत म्हणाले. "पण मी पैज लावणार नाय गो."

कळलं यांना. सादियाचे कान तापले. ज्यांनी भात ढवळायला शिकवलं, त्यांनाच फसवायचं? सर डस्टर घेऊन वळले तेवढ्यात तिनं बाहीतली चिठ्ठी गुपचूप डब्यात टाकली आणि तळापर्यंत हात घालून ढवळलं. आता दुसऱ्या कुणाचं नाव निघालं, तर सरांच्या दारात कोण जाणार? तिनं डोळे मिटले आणि एक चिठ्ठी उचलली.

एझ्रा डेव्हिड.

खरीखुरी निघालेली. तिला ओट्यावरून उडी मारावीशी वाटली.

सरांनी चिठ्ठी पाहिली. चपला घातल्या. "चल. आज साखर तू घाल," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

यंत्राची पिशवी झटक्यात खांद्यावर टाकताना सादियाचा धक्का लागला आणि डबा कलंडला. चिठ्ठ्यांच्या सुरळ्या ओट्यावर घरंगळत गेल्या, काही उलगडल्या. ती गोळा करायला वाकली. एक उचलली, दुसरी उचलली, मग भराभर सगळ्याच उघडत गेली.

प्रत्येकीवर सरांच्या तिरक्या अक्षरात एकच नाव होतं.