गल्लीतला दिवा

गल्लीच्या तोंडाचा दिवा बंद पडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून नगरपालिकेला अर्ज लिहिला, सह्या केल्या आणि तो काकांच्या हाती सोपवला. काका त्याच कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. "एकदा नजरेखालून घाला आणि तुम्हीच देऊन टाका," शेजारी म्हणाले.

दोन महिने झाले तरी अंधार तसाच. काल संध्याकाळी खुद्द काकाच ठेचकाळले आणि त्यांचं डोकं फिरलं. सकाळी सुजलेला अंगठा घेऊन ते तडक कचेरीत गेले आणि तिथल्या नव्या क्लार्कला चांगलं फैलावर घेऊन आले. घरी आल्यावरही त्यांचा पट्टा चालूच होता. "अर्ज आलाच नाही म्हणे. तोंड वर करून सांगतात. आमच्या वेळी असं नव्हतं."

काकूंनी त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला आणि अर्ज काढून समोर ठेवला. पहिली सही काकांचीच होती. आणि समासात, त्यांच्याच सुबक अक्षरात, शेरा होता : 'तारीख घातलेली नाही. अर्जदार चौकशीला आल्यास सांगावे.'

"अर्जदार आलेत," काकू म्हणाल्या. "सांगा त्यांना."