चित्राची बाजू

"साहेब, एकसुद्धा नाही," हेडक्लार्कबाई म्हणाल्या.

"पेटी नीट बघितलीत?"

"उलटी करून आपटली. एक बसचं तिकीट निघालं आणि गोळीचा कागद."

"तिकिटामागे कुणी काही लिहिलंय का बघा."

बाईंनी तिकीट उलटसुलट केलं. "कोरं आहे हो. सही असती तर मीच हरकत म्हणून धरलं असतं."

पाचला दहा कमी होते. चौकातला घड्याळाचा मनोरा रस्ता रुंद करण्यासाठी पाडायचा आहे, कुणाची हरकत असल्यास नव्वद दिवसांत नाव, पत्ता, सही, तारीख घालून लेखी कळवावी, अशी नोटीस नगरपालिकेच्या या बांधकाम साहेबांनीच काढली होती. आज नव्वदावा दिवस.

मनोऱ्यावर साहेबांचा फार जीव. मनोऱ्याचं चित्र असलेलं पोस्टकार्ड परदेशी पाठवायचं आणि बदल्यात तिकडचा पूल, किल्ला, दीपगृह मागवायचं, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नाद. अकरा अल्बम भरले होते. या एका मनोऱ्याच्या जोरावर त्यांनी घरबसल्या अर्धं जग गोळा केलं होतं. मनोऱ्यावर मात्र ते कधी चढले नाहीत. गुडघे दुखत.

एक हरकत हवी होती, फक्त एक. ती आली असती तर सुनावणी लावता आली असती, सुनावणीतून समिती निघाली असती, समितीतून उपसमिती. मनोरा आणखी वीस वर्षं आरामात उभा राहिला असता. साहेबांना स्वतः हरकत घेता येईना, कारण हरकती ऐकणारे तेच. न्हाव्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत त्यांनी लोकांना सुचवून बघितलं. लोक हळहळले. वाईट सगळ्यांनाच वाटत होतं. लेखी कुणालाच वाटत नव्हतं.

पाच वाजले. साहेबांनी फाइलवर लिहिलं, 'हरकती : निरंक.' खाली सही केली.

घरी मात्र एक समाधान वाट बघत होतं. नोटीस निघाली त्याच दिवशी साहेबांनी आपल्या त्रेचाळीस पत्रमित्रांना मनोऱ्याचं कार्ड धाडलं होतं. मागे ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'नव्वद दिवसांत लेखी हरकत आली नाही तर हा मनोरा पडेल. निकाल माझ्याच सहीने व्हायचा आहे. तेव्हा हे कार्ड दुर्मिळ समजून बदल्यात तसंच तोलामोलाचं पाठवावं.'

आणि आली की! एरवी वर्षाला दहाबारा येत, यंदा दोन महिन्यांत एकेचाळीस. ज्या दीपगृहासाठी साहेब अकरा वर्षं झुरत होते, तेसुद्धा आलं. बाराव्या अल्बमच्या पहिल्या पानावर ते बसलं.

जाणकार सांगत, कार्डाला डिंक लावू नये. पण साहेबांना पानात कार्ड हललेलं खपत नसे. चारही कोपऱ्यांना आणि मध्ये भरपूर डिंक, वरून तळहाताचा दाब.

"अहो, मागे बरंच काही लिहिलंय हो," बायकोने एकदोनदा टोकलं होतं.

"हवापाणी लिहितात सगळे. तू आधी डिंकाची बाटली दे."

सोमवारी मनोरा पडला. दुपारपर्यंत चौकात नुसता विटांचा ढीग. साहेब लवकर घरी आले, डोळे पुसले आणि कपाटातून मनोऱ्याचं एक कार्ड काढलं.

"आता याचा मान पहिल्या पानाचा," ते बायकोला म्हणाले. "दीपगृह दुसऱ्या पानावर घेऊ."

ओलं फडकं ठेवून, सुरीच्या पात्याने हळूहळू त्यांनी दीपगृह सोडवलं आणि वाळायला बायकोच्या हातात दिलं. साहेब चित्र जपायचे, बायको मात्र हातात आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवत नसे. तिने चष्मा लावला.

"अहो."

"हं."

"यात लिहिलंय, 'बांधकाम अधिकारी यांस. आपल्या गावचा मनोरा पाडू नये. ही माझी लेखी हरकत समजावी.'" तिने कार्ड उजेडाकडे धरलं. "खाली नाव आहे, पत्ता आहे, सही आहे. तारीख दोन महिन्यांपूर्वीची."

अल्बममध्ये उरलेली चाळीस कार्डं चित्रं वर करून चकाकत होती.

बायकोने अल्बम पुढ्यात ओढला आणि दुसऱ्या कार्डाच्या कोपऱ्याखाली नख घातलं.

"अगं, काय करतेस!" साहेब ओरडले. "चित्र फाटेल ना!"