सांडव्याखालचा जीव

प्रयागबाईने लोणच्यासाठी फळीवर हात घातला आणि हाताला भलतीच बाटली लागली. आत गढूळ पाणी आणि पाण्यात पळणारे तांबडे ठिपके. ठिपक्यांना पाय होते. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी तिने ती बाटली दोन बोटांत धरून लांब केली.

"बळीराम! हे खाण्याच्या फळीवर काहून ठेवलं गा? सैपाकघर हाय का हागणदारी?"

"माय, हळू! तोच तो नवा."

"नवा काय? गोचीड तो!"

"गोचिडाच्याच गणगोतातला आहे, पण पाण्यात राहते."

"म्हणजे धुतलेला गोचीड." प्रयागबाई दारापर्यंत जाऊन थुंकून आली.

पोरगा एम.एस्सी. झाला आणि तळी हिंडून किडे वेचू लागला. रामटेककडचे वेगळे, इथले सक्करदऱ्याचे वेगळे, आणि हा मोहरीहून लहान जीव कुहीकडच्या एकाच तलावात. तो तलाव प्रयागबाईच्या माहेरगावचा. जगात अजून कुणी याला नाव दिलेलं नाही, असं सांगताना बळीरामचा चेहरा बारशातल्या बापासारखा व्हायचा.

नाव आज ठरायचं होतं. गोपाळराव येणार होते. तलाव एके काळी त्यांच्या आजोबांचा, मालगुजार बापूजींचा. आणि ज्या कॉलेजात बळीरामला मास्तरकी हवी होती, ते कॉलेज गोपाळरावांचं. त्यांनी निरोपच धाडला होता. जागा बळीरामची, नाव बापूजींचं.

"त्या मुर्द्याचं नाव?" निरोप ऐकला तेव्हा प्रयागबाई म्हणाली होती. "किड्यानं तुझं काय बिघडवलं गा?"

बळीराम हसला नव्हता.

गोपाळराव बुटांसकट आत आले आणि थेट टेबलावरच्या मायक्रोस्कोपपाशी गेले. बळीरामने खुर्ची पुढे केली, पण तिच्याकडे नुसतं पाहून ते उभेच राहिले.

"बाई, तुमच्या मुलानं आमच्या तलावाचं नाव जगात काढलं."

"बसा न साहेब. खुर्ची चावत नाही."

"असू द्या, असू द्या."

बळीरामने काचेच्या वाटीत एक ठिपका सोडला आणि वाटी भिंगाखाली सरकवली. गोपाळरावांनी चष्मा काढून डोळा नळीला चिकटवला.

"वा! माणिकच की हो हे! आणि पाय बघा, कसे केसाळ! अरे, आमच्या घाटाचं पाणीच तसं होतं. बापूजी त्यात तोंड पाहून दाढी करायचे म्हणतात. असा जीव तिथंच निपजणार."

प्रयागबाई सैपाकघराच्या चौकटीत उभी होती.

"बळीराम," ती म्हणाली, "कुठून आणला ते सांग न साहेबाले."

"तलावातूनच, माय."

"तलाव केवढा मोठा. कोणत्या अंगाले?"

बळीरामने जमिनीकडे पाहिलं. माय आवाज चढवायची तेव्हा तो भीत नसे. आता तिचा आवाज खाली आला होता. गोपाळरावांचा डोळा नळीवरच होता. एक शब्द गिळला असता तर पुढच्या महिन्यात तो फळ्यापुढे उभा राहिला असता.

"घाटावर नाही, सर," तो म्हणाला. "तिथं कितीदा जाळी फिरवली, एकही लागला नाही. हा सांडव्याखालच्या डबक्यात आहे. फक्त तिथंच."

तलाव भरला की वरचं पाणी सांडव्यावरून त्या डबक्यात पडायचं. त्यात आधी गावच्या म्हशी बसायच्या. म्हशी उठल्या की खालच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन उतरायच्या. घाटाची पायरी त्यांना बंद होती. बापूजींचा तसा हुकूमच होता.

"लुगड्याच्या पदरानं गाळत होतो, साहेब," प्रयागबाई म्हणाली. "म्हशीचं शेण, मूत, समदं त्याच्यात. हे तांबडे पदरावर वळवळत राहत. लहान राहिले ते पोटात."

गोपाळरावांनी झटकन मान वर केली. खिशातून रुमाल काढला आणि नळीला लावलेला डोळा पुसला. मग रुमालाची घडी बदलून पुन्हा पुसला. तेवढ्यानं भागेना. बोट घालून पापणी उलटी करून पुसली. डोळा लाल झाला.

"मग बापूजींचं नाव... राहू द्या," ते म्हणाले. "शोभणार नाही."

"आणि जागेचं, सर?" बळीरामने विचारलं.

"पाहू."

पाहू म्हणजे काय ते घरातल्या दोघांनाही कळलं. बळीराम खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. गोपाळराव रुमाल डोळ्याशी दाबूनच पायऱ्या उतरले. प्रयागबाई दारापर्यंत त्यांच्या मागे गेली.

"तुम्ही तर नुसतं पाह्यलं, साहेब," ती म्हणाली. "आम्ही पिऊन मोठे झालो."